शेवटच्या धड्याचं बटण

सासूबाईंनी आरशात पाहिलं, आणि पुलाचा चढ लागताच गाडी चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात इतकी अलगद उतरवली की शेजारी बसलेल्या मास्तरणीला बोट ठेवायला जागाच उरली नाही. अशा वेळी तिला करमत नसे. मग ती काहीतरी किरकोळ उकरून काढी.

"खांदे सैल सोडा, आई. गाडी चालवताय तुम्ही, ओझं नाही वाहत."

"खांदे सोडले की हातही सुटतात माझे," सासूबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "एका वेळी एकच काय ते सांग."

मास्तरीण ही त्यांची सून. गाडी शिकवणं हा तिचा व्यवसाय, आणि शिकवण्याची तिची तऱ्हा अशी करडी की गल्लीने तिला मास्तरीण हे नाव ठेवलं. पुढे ते घरातही रुळलं. अकरा वर्षांत तिने दोन डॉक्टर, एक न्यायाधीश, एकमेकींशी न बोलणाऱ्या जुळ्या बहिणी आणि शंभरावर इतर माणसं रस्त्यावर आणली होती. परीक्षेच्या अर्जावर शेवटी एक ओळ असते: सदर उमेदवार एकट्याने वाहन चालवण्यास तयार आहे. तिच्याखाली शिकवणाऱ्याची सही लागते. ती सही मास्तरीण कुणालाही उगाच देत नसे. सासूबाईंना तिने दोनदा नाकारली होती. "तुम्ही अजून तयार नाही" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर सासूला ऐकवायला काय लागतं, ते ज्यांना सासू आहे त्यांनाच कळेल. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता गाडीची किल्ली हातात घेऊन सुनेच्या खोलीचं दार वाजवलं.

एकसष्टाव्या वर्षी हे वेड कशाला, असं नातेवाईक विचारत. सासूबाईंना एक धाकटी बहीण होती. पुलापलीकडे पाऊण तासावर राहायची, खुबा मोडल्यापासून घराबाहेर पडत नव्हती. दोघी रोज फोनवर भांडत आणि रोज एकमेकींना भेटायला आसुसत. तिथे जायचं तर दोन बस बदला, नाहीतर मुलाला सुट्टी कधी, सुनेला सवड कधी, जावई त्या बाजूला जाणार आहेत का, अशी चौकशी करा. सासूबाईंना या चौकशीचा मनापासून कंटाळा आला होता. मनात आलं की उठावं आणि जावं, एवढंच त्यांना हवं होतं. आयुष्यात फारशा गोष्टी त्यांनी हट्टाने मागितल्या नव्हत्या. ही मागितली होती.

परीक्षा उद्या सकाळी होती. अर्ज आज पाचच्या आत कचेरीत द्यायचा होता. तो सगळा भरून मास्तरणीच्या पिशवीत होता, आणि सहीची जागा कोरी होती. हा शेवटचा धडा बघून ठरवू, असं तिने दुपारी निघताना सांगितलं होतं.

शेवटच्या धड्याची तिची एक खास रीत होती. गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक आणि जादा क्लच असतो, तसं तिच्या गाडीत पायाशी, मॅटखाली, एक बटणही होतं. टाचेने दाबलं की इंजिनाचं पेट्रोल बंद. चालत्या गाडीतला जीवच जायचा. शेवटच्या धड्यात, एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, ती काही न सांगता ते दाबी आणि समोरचा काय करतो ते बघत बसे. न्यायाधीशांनी स्टिअरिंग सोडून डोळे झाकले होते. जुळ्यांपैकी थोरलीने धाकटीला हाक मारली होती, चार वर्षांत पहिल्यांदा. हे किस्से रात्री घरी रंगवून सांगितले जात आणि सासूबाई पोट धरधरून हसत. त्यामुळे बटणाचं गुपित गावाला नसलं तरी त्यांना पाठ होतं. ते बटण बसवलंही होतं त्यांच्याच मुलाने. गाड्यांच्या वायरिंगचं काम तो करायचा.

पण ते बटण मास्तरीण पुलावर कधीच दाबत नसे. हा पूल अरुंद होता, कडेला गाडी घ्यायला हातभर जागा नव्हती, आणि मध्यभागापर्यंत सलग चढ होता. बटण दाबायचं ते तिने परतीच्या रिकाम्या रस्त्यासाठी राखून ठेवलं होतं.

चढ निम्मा झाला असेल. गाडीने एक आचका दिला. पाठोपाठ दुसरा. मग सासूबाईंच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर असून नसल्यासारखा झाला, समोर तांबडे-पिवळे दिवे एकदम लागले, आणि इंजिनाचा आवाज बंद होऊन नुसता टायरांचा आवाज उरला.

मास्तरणीने काहीही केलं नव्हतं.

"दाबलंस ना?" सासूबाई म्हणाल्या. "आज दाबणार हे मला ठाऊकच होतं."

नाही, असं सांगायला मास्तरणीने तोंड उघडलं. मागच्या काचेत तिला दुधाचा टँकर दिसला, गाडीच्या जवळपास पाठीला लागलेला. उजवीकडून समोरची वाहनं एकामागून एक येत होती. या बाईला आत्ता खरं सांगितलं तर हिचे हातपाय गळतील, आणि मग आपण दोघी टँकरखाली. तिने तोंड मिटलं.

"हं," ती म्हणाली.

"बरं. मग बघच आता."

आणि सासूबाईंनी सुरुवात केली. धडा म्हणून दाखवावा तसं त्या एकेक गोष्ट मोठ्याने बोलत होत्या. क्लच दाबला. गिअर काढला. चारी दिवे लुकलुकायला लावले. किल्लीला हात लावायचा नाही, लावला आणि उलटी फिरली तर स्टिअरिंग अडकेल. ब्रेकला पाय लावायचा नाही, आहे तो वेग पुरवून वापरायचा. मागचा टँकर भोंगा वाजवत सुटला होता. त्याला सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून हळू, हळू, अशी खूण केली, शेजारणीला दळणाच्या रांगेत थोपवावं तितक्या सहज. टँकर खरोखरच जरा मागे पडला.

काटा पन्नासावर होता तो चाळिसावर आला. चाळिसावरून तीस. पुलाचा माथा समोर दिसत होता, पण माथ्याला कसली घाई नव्हती. तो आपला होता तिथेच होता. मास्तरणीने मनातल्या मनात अंतर मोजलं. माथ्याच्या अलीकडे गाडी थांबली तर ती मागे घरंगळणार. थांबवून धरली तरी या चिंचोळ्या जागेत टँकरच्या पुढ्यात उभं राहायचं. आपला पाय जादा ब्रेकवर आहे याचाच काय तो तिला आधार वाटत होता. अकरा वर्षांची सवय होती ती. पण ब्रेक दाबून काय उपयोग, हेही तिला समजत होतं. आत्ता या गाडीला थांबवणारा माणूस नको होता. चालू ठेवणारा हवा होता.

पंचवीस. वीस.

"चल गं बाई," सासूबाई गाडीला म्हणाल्या. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून शेवटच्या चार पायऱ्या चढवाव्यात तसा त्यांचा सूर होता. "आलंच. एवढंच राहिलंय. चल."

सोळा. तेरा. शेजारून कुणीतरी सायकलवाला त्यांच्याकडे बघत पुढे निघून गेला. अकरा. गाडी आता चालत नव्हती, विचार करत होती. सासूबाई पुढे झुकल्या, जणू त्यांच्या वजनाने फरक पडणार होता, आणि कोण जाणे, पडलाही असेल. गाडीचं नाक खाली झुकलं. माथा मागे गेला. काटा एक क्षण जागच्या जागी घुटमळला आणि बारावर आला, मग पंधरावर.

"आता उतार," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मास्तरणीच्या अंगावर काटा आला. "आता मजा आहे."

उतारावर गाडी तिशीपर्यंत गेली. पूल संपला. कडेला फरशांच्या गोदामाचं मोठं फाटक सताड उघडं होतं. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं जड; सासूबाईंनी सीटवरून अर्धवट उठत दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ते वळवलं. फाटकाचा खांब मास्तरणीच्या दाराजवळून वीतभर अंतराने गेला. मग ब्रेक, एकदाच, हळूहळू वाढवत, मध्ये न सोडता. फरशांच्या दोन ढिगांच्या मधोमध गाडी उभी राहिली. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. टँकर एकदाच भोंगा वाजवून निघून गेला, आणि या वेळी तो शाबासकीसारखा वाटला.

सासूबाई हसायला लागल्या, मास्तरणीला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने पिशवीत काहीतरी शोधायच्या निमित्ताने पुसलं.

"पुलावर दाबलंस पण," सासूबाई म्हणाल्या. "त्या जजलासुद्धा रिकाम्या रस्त्यावर दाबलं होतंस. सासूला पूल."

"तुमच्यावर भरवसा जास्त."

"असू दे, असू दे. आता कर चालू."

गाडी चालू होणार नव्हती. मास्तरणीने किल्ली दोनदा फिरवून पाहिली. बटण अडकलेलं दिसतंय, तुमच्या मुलालाच बोलावते, असं ती घाईघाईने म्हणाली आणि फोन घेऊन ढिगाच्या पलीकडे गेली.

नवऱ्याला आधी काही कळेना. बटण पुलावर कशाला दाबलंस, असं तोच तिला रागावून विचारायला लागला. आपण दाबलंच नाही, हे तिने त्याला तीन वेळा सांगितलं तेव्हा त्याने फोन ठेवला आणि वीस मिनिटांत तो मोटरसायकलवरून हजर झाला.

तोवर गोदामाच्या रखवालदाराने सासूबाईंना सावलीत खुर्ची दिली होती आणि त्या बहिणीला फोनवर सगळं सांगत होत्या. आवाज अंगणभर ऐकू येत होता. सुनेने पुलावर बटण दाबलं, मग मी अमुक केलं, मग तमुक केलं. टँकरचा आकार वाक्यागणिक वाढत होता. पलीकडून बहीण मध्येच काहीतरी बोलली असावी, कारण सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या दारात गाडी लावीन तेव्हा बघ. आधी तुझी ती कुंडी हलव तिथून."

नवऱ्याने मॅट उचलली, बटण उपटलं आणि त्यामागची वायर बोटांत धरून बायकोपुढे केली. वरचं प्लास्टिक वितळून काळं झालं होतं. वायर बारीक होती. जाड हवी होती, पण बसवली त्या दिवशी जाड संपली होती, आणि नंतर बदलू म्हणता म्हणता चार वर्षं गेली. इंजिनाला पेट्रोल देणारा पंप इतके दिवस त्या बारीक वायरीवर चालत होता आणि आज ती जळाली. बटणाला कुणी हातही न लावता बटणानेच दगा दिला होता.

"माझी चूक," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"नकोच सांगू. घाबरेल ती. एवढी खूष आहे, सही कर आणि मोकळी हो."

तो खाली वाकून बटण वगळून सरळ नवी जाड वायर टाकायला लागला, आणि मास्तरीण पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. सव्वाचार वाजले होते. सही करायला तिचा हात शिवशिवत होता. तिला आजवर कुणाचा इतका अभिमान वाटला नव्हता. ती बाई खुर्चीत बसून टँकर वाढवत होती आणि तिला जाऊन मिठी मारावी असं मास्तरणीला वाटत होतं. पण अडचण अशी होती की तिला गाडी शिकवता येत होती आणि स्वतःला फसवता येत नव्हतं. सासूबाई घाबरल्या नाहीत कारण त्यांना तो खेळ वाटला. शेजारच्या बाईने बटण दाबलंय, वेळ आलीच तर तीच सावरेल, असं त्यांनी धरलं होतं. ज्याला भीतीच वाटली नाही त्याची परीक्षा कसली झाली? उद्या त्या एकट्या असतील. शेजारी बटणही नसेल आणि सूनही नसेल. अशा वेळी गाडी खरोखर बंद पडली तर त्या काय करतील, हे मास्तरणीला अजून माहीतच नव्हतं. आणि अर्जावरची ओळ तर नेमकी तेवढंच विचारत होती.

खरं सांगावं तर सासूबाईंचा धीर खचेल आणि त्या पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाहीत. न सांगता सही करावी तर ती सही खोटी. सही न करावी तर का नाही, हे सांगावं लागणार. तिने पाचाचे काटे डोळ्यांसमोर आणून पाहिले, काही सुचलं नाही.

नवऱ्याने गाडी चालू करून दाखवली, इंजिन पहिल्या झटक्याला घुमलं. हात पुसत, आईच्या नजरेला नजर न देता तो मोटरसायकलवर बसून निघून गेला. कच्चा खोटारडा होता तो लहानपणापासून.

सासूबाई फोन बंद करून आल्या आणि सरळ ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या.

"आई, थांबा," मास्तरीण म्हणाली. "एक सांगायचंय. मग तुम्हाला काय रागवायचं ते रागवा."

सासूबाई थांबल्या.

"मी बटण दाबलं नव्हतं. गाडी खरीच बंद पडली होती."

तिने भराभर सगळं सांगून टाकलं: वायर, टँकर, आपण हं म्हटलं ते का म्हटलं. सांगताना ती सासूबाईंच्या हातांकडे बघत होती, ते थरथरतात का ते बघायला. ते थरथरले नाहीत. एका हाताने त्यांनी पदर नीट केला.

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आत्ता माहीत झालं. तेव्हा..."

"तेव्हाच माहीत होतं. पहिला आचका बसला तेव्हा तुझ्याकडे पाहिलं मी. बटण पायाशी. आणि तुझे दोन्ही पाय वर."

"वर कुठे?"

"सीटवर. उंदीर निघाल्यासारखी गुडघे पोटाशी घेऊन बसली होतीस तू. पूल संपेपर्यंत." सासूबाईंनी तिच्याकडे जराशा संकोचाने पाहिलं, दुसऱ्याचं झाकलेलं काही दिसून जावं तसं. "चेहरा तर असा झाला होता तुझा. म्हटलं, ही ओरडली तर माझं काही खरं नाही. तिला वाटू दे की मला वाटतंय ते बटणच आहे. म्हणजे मास्तरीण व्हावंच लागेल तिला, निदान गप्प तरी बसेल."

मास्तरणीने शिकवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. पाय ब्रेकवर होता. तिला पक्कं आठवत होतं, पाय ब्रेकवरच होता. सीटच्या कडेला मातकट बुटांचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, तिच्याच मापाचे.

तिने हाताने ते ठसे झटकले. पलीकडे रखवालदार खुर्ची उचलून आत नेत होता.

"तुम्हाला भीती नाही वाटली?" तिने विचारलं.

"वाटली की. अजून वाटतेय." सासूबाईंनी ड्रायव्हरचं दार उघडलं. "पण बोलत राहिलं की जरा कमी होते. तूच शिकवलंस ना, एकेक गोष्ट मोठ्याने म्हणायची."

मास्तरणीने पिशवीतून अर्ज काढला. तो बॉनेटवर ठेवला, बॉनेट गरम होतं. पेन टेकवलं तर ते कागदावर नाचायला लागलं. तिने मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि कशीबशी सही ओढली. तिच्या एरवीच्या सहीशी ती फारशी जुळत नव्हती. कचेरीतला कारकून कदाचित विचारणार होता.

सासूबाईंनी अर्ज हातात घेतला, लांब धरून वाचला, घडी घातली आणि सुनेच्या पिशवीत नीट सरकवला.

"पावणेपाच होत आलेत," त्या म्हणाल्या. "तू मागे बस जरा आरामात. कचेरीपर्यंत मी नेते."

मास्तरीण मागच्या सीटवर बसली. अकरा वर्षांत ती या गाडीत मागे कधी बसली नव्हती. तिने पट्टा लावला, आणि सासूबाईंनी आरशात आधी रस्ता पाहिला, मग तिला पाहिलं, आणि गाडी फाटकाबाहेर काढली.